चौथ्या स्टेजची भिंत

२३ ऑगस्ट, शनिवार

मॅच बुक आज सकाळी एकदाचं सगळ्यांना ईमेलनं गेलं. एकशे अठरा नेमबाज, सहा स्टेज आणि हातात बरोबर तीन आठवडे. त्या पुस्तकात प्रत्येक स्टेजचं चित्र असतं, अंतरं असतात, तबकड्यांची मापं असतात. एकदा ते गेलं की तो माझा शब्द. बारा वर्षं आमच्या क्लबच्या तीन बंदुकांच्या स्पर्धेच्या स्टेज मी आखतो, लोखंडी तबकड्या मीच कापतो, मीच जोडतो, मीच रंगवतो. पश्चिम कॅन्ससमध्ये व्हर्लिन लाइकरचं लोखंड म्हणजे सरळ लोखंड, असं लोक म्हणतात. मला ते ऐकायला आवडतं, हे इथे लिहायला हरकत नाही.

ही वही नोलानं आणून दिली. म्हणाली, अडतीस वर्षं तुझ्या तबकड्यांच्या गोष्टी ऐकतेय, आता थोड्या या वहीला सांग. बायको असं बोलली की तिचं ऐकावं.

चौथी स्टेज यंदा फक्कड जमली आहे. भिंतीच्या कडेनं शॉटगननं आठ तबकड्या पाडायच्या, शॉटगन पिंपात ठेवायची, पळता पळता पिस्तूल काढून कागदी लक्ष्यं घ्यायची, ते पेटीत ठेवायचं, आणि शेवटी आडवं होऊन रायफलनं अडीचशे यार्डांवरची दहा इंची तबकडी वाजवायची. घड्याळ सतत चालू. कंबरेचा सांधा बदलल्यापासून, म्हणजे चार वर्षं होत आली, मी स्वतः खेळत नाही. पण कागदावर रेघा ओढताना मला स्टेजमधून पळणारा माणूस स्पष्ट दिसतो. पाय कुठे पडेल, खांदा भिंतीबाहेर किती निघेल, सगळं. त्या माणसाच्या मागे मागे पेन्सिल चालवायची, एवढंच माझं काम.

२५ ऑगस्ट, सोमवार

तक्रार आली. दरवर्षी एखादी येतेच, पण ही वाचून माझं डोकं फिरलं. जशीच्या तशी उतरवतो.

"श्री. लाइकर, चौथ्या स्टेजची भिंत फक्त डाव्या कडेनं खेळता येते आणि पिंप उजवीकडे ठेवलं आहे. डावखुऱ्याला हे फुकटचं बक्षीस आहे आणि उजव्या हाताच्याला दंड. मागच्या दोन वर्षांची पुस्तकंही काढून पाहिली. तिथेही तेच. हे मुद्दाम आहे का? शिवाय हलकी काडतुसं वापरणाऱ्यांसाठी तबकड्या तपासल्या आहेत का? आर. लिंडक्विस्ट, लिंड्सबोर्ग."

लिंड्सबोर्गला दगड मारला तर तो एखाद्या लिंडक्विस्टलाच लागतो, इतके ते स्वीडिश लोक तिथे. पण हा कोण नवा शहाणा, ते मला ठाऊक नाही. यादीत यंदा पहिल्यांदाच नाव दिसतंय. नाचता येईना अंगण वाकडं. मी लगेच उत्तर पाठवलं: लक्ष्याला तुमचा हात कुठला ते कळत नसतं. तक्रार लिहायला घातलात तेवढा वेळ सरावाला द्या. आणि बारा बोअरची बंदूक पूर्ण ताकदीच्या काडतुसांनी झेपत नसेल तर घरी बसावं.

नोलाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पाठवलंस? मी म्हणालो, हो. आणि धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन ती आत गेली.

२८ ऑगस्ट, गुरुवार

लिंडक्विस्टचं उत्तर. दोन ओळी.

"लक्ष्याला कळत नाही, हे मान्य. भिंतीला कळतं, कारण ती कुणीतरी बांधलेली असते. घरी बसायचा सल्ला मला यापूर्वीही मिळालेला आहे."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. गडी बोलतो मात्र नेमकं. दिवसभर वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करताना ती भिंतीची ओळ डोक्यात घोळत राहिली आणि एक जोड वाकडा गेला. कापून पुन्हा केला.

२ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी कुणाला न सांगता रेंजवर गेलो आणि हलक्यात हलकी काडतुसं घेऊन आठही शॉटगन तबकड्या तपासल्या. गोळीबार बाकावर बसून केला, कंबरेला तेवढं चालतं. आठांपैकी तीन पडल्याच नाहीत. छरे नीट मध्यावर बसले, तबकडी डुलली आणि पुन्हा उभी. म्हणजे बरोबर नेम धरणाऱ्या माणसाला मी 'चुकला' म्हणणार होतो, का, तर त्याची बंदूक माझ्या बंदुकीसारखी खांद्याला लाथ मारत नाही.

तिन्हींची मागची टेकणी अर्धा इंच घासली. आता आठही पडतात. लिंडक्विस्टला तसं कळवलं, आभार मात्र मानले नाहीत. एवढ्यात नको.

घरी आलो तर नोला कपडे वाळवायच्या खोलीत यंत्र चालू करून फोनवर बोलत होती. सलाइना गावात राहणाऱ्या बहिणीशी ती नेहमी तिथूनच बोलते. त्या खडखडाटात काय ऐकू येत असेल देव जाणे.

६ सप्टेंबर, शनिवार

आज जे झालं ते लिहावं की नाही, असा विचार करत तासभर बसलो होतो.

क्लबात कामाचा दिवस होता. मी आणि ओरिन वासिंगर चौथ्या स्टेजची भिंत उभी करत होतो. ओरिन माझा तीस वर्षांचा मित्र, धान्याच्या कोठारातून निवृत्त झालेला, स्पर्धेत टायमर धरतो. घरून त्याच्या बायकोनं बीरॉक, म्हणजे मांस-कोबी भरलेले पाव, दिले होते, ते खाता खाता मी त्याला लिंडक्विस्टची गोष्ट हसत हसत सांगितली. तो हसला नाही. तोंड पुसून म्हणाला, बंदूक उचल आणि स्वतः उभा राहून बघ.

रिकामी शॉटगन घेऊन मी भिंतीशी गेलो. मी उजव्या हाताचा. डाव्या कडेनं पहिली तबकडी दिसावी म्हणून अर्धं अंग बाहेर काढावं लागलं, कंबर कळवळली. शेवटची तबकडी दिसेना. मग पिंपाकडे वळलो तर ते उजवीकडे. उजवा हात पिस्तुलाकडे जाणार, म्हणजे डाव्या हातानं बंदूक पोटावरून पलीकडे न्यायची. मी तिथेच अडकलो. मीच आखलेल्या स्टेजमध्ये मला चार पावलं नीट टाकता येईनात. अंगण खरंच वाकडं होतं.

मी ओरिनला विचारलं, तुला हे दिसलं होतं का?

"तीन वर्षं दिसतंय."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं तुला माहीत आहे." त्यानं टोपी काढून परत घातली. "अरे, सगळ्या क्लबला वाटतं की तुला माहीत आहे. व्हर्लिन रोची वाट बघतोय, असं म्हणतात आणि गप्प खेळतात. कोण बोलणार तुला?"

रो म्हणजे रोवेना, माझी मुलगी. डावखुरी. तीन वर्षांत तिचं नाव माझ्यासमोर पहिल्यांदा कुणी घेतलं.

मी म्हणालो, काहीतरी बरळू नकोस. आणि गाडीत येऊन बसलो.

७ सप्टेंबर, रविवार

चर्चला गेलो नाही. जुन्या आराखड्यांची फाईल काढून बसलो. ओरिनला खोटं ठरवायचं होतं.

पहिल्या नऊ वर्षांत भिंतीच्या डाव्या कडा आणि उजव्या कडा जवळपास निम्म्या निम्म्या. गेल्या तीन वर्षांत एकतीस भिंती. त्यांतल्या एकोणतीस डाव्या कडेच्या. दोन उरल्या त्या क्लबच्या जागेला तसा बांध आहे म्हणून. पिंपं सगळीच्या सगळी उजवीकडे. मी पुन्हा मोजलं. आकडा बदलला नाही. आणि यातली एकही रेघ मी मुद्दाम ओढलेली नाही. शपथेवर सांगतो. मी फक्त त्या पळणाऱ्या माणसाच्या मागे पेन्सिल चालवत होतो.

तीन वर्षांपूर्वीचं इथे लिहून टाकतो, म्हणजे सुटलो. रो आमच्या स्पर्धेत शेवटच्या स्टेजला पहिली होती. टायमर माझ्या हातात. तिनं शॉटगन पिंपात टाकली आणि पिस्तूल काढून पुढे पळाली. मी पिंपात पाहिलं, सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारं बटण, लावलेली नव्हती. भरलेली बंदूक, सेफ्टीविना. नियमानं बाद. मी तिला थांबवलं आणि बाद केलं. इथवर मी बरोबर होतो आणि आजही बरोबर आहे.

पण ती शॉटगन मी दिलेली होती. तिची सेफ्टी उजव्या हाताच्या माणसासाठी होती. रो सोळा वर्षांची असल्यापासून म्हणत होती, बाबा, बटण उलटं करून द्या, माझ्या बोटाला ते सापडत नाही. मी म्हणायचो, बंदुकीला हात कळत नाही, तू बंदूक शीक. बंदूकवाल्याचं दहा मिनिटांचं काम होतं. आणि त्या दिवशी बाद करून मी थांबलो नाही. ती बटणाचं काहीतरी म्हणाली तेव्हा शंभर माणसांसमोर म्हणालो, नियम झेपत नसतील तर घरी बसावं.

ती गेली. घरी येऊन मी नोलाला बजावलं की रो माफी मागत नाही तोवर या घरात तिचं नाव काढायचं नाही, तिचं बरं-वाईट मला सांगायचं नाही. नोलानं ते पाळलं.

संध्याकाळी सुधारित पुस्तक सगळ्या एकशे अठरा जणांना पाठवलं. चौथ्या स्टेजची भिंत आता दोन्ही कडांनी खेळता येईल, पिंपं दोन, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, ज्याला जे हवं ते. इतर स्टेजमध्येही भिंती अर्ध्या अर्ध्या केल्या. खाली लिहिलं की गेली तीन वर्षं माझ्या स्टेज उजव्या हाताच्या नेमबाजांवर अन्याय करणाऱ्या होत्या, चूक माझी आणि ती दाखवणारे आर. लिंडक्विस्ट.

८ सप्टेंबर, सोमवार

लिंडक्विस्टचं उत्तर: "पुस्तक मिळालं. हे लिहायला सोपं गेलं नसणार. शनिवारी भेटू."

११ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी जेवताना मी नोलाला म्हणालो, हा लिंडक्विस्ट भेटला की आधी हात मिळवणार आहे. असा माणूस आपल्या क्लबात हवा.

नोलानं काटा खाली ठेवला.

"व्हर्लिन, ती रो आहे."

मला कळेचना. ती कुठली? कुठे? मग ती सावकाश बोलत गेली आणि मी ऐकत राहिलो. रोनं दीड वर्षापूर्वी लग्न केलं. नवऱ्याचं नाव अँटन लिंडक्विस्ट, लिंड्सबोर्गला सुतारकाम करतो. नोला लग्नाला गेली होती. मला सांगून गेली होती की बहिणीकडे चालले.

मी म्हणालो, पण लिंडक्विस्ट उजव्या हाताचा आहे. रो डावखुरी. उजव्या हाताच्यांसाठी ती का भांडेल?

मग नोलानं उरलेलंही सांगितलं. रो घोड्यांना नाल ठोकते, तो तिचा धंदा. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये एका घोड्यानं पाय झटकला आणि खिळ्याचा तुकडा उडून तिच्या डाव्या डोळ्यात गेला. डोळा गेला. विचिटाच्या दवाखान्यात दोन शस्त्रक्रिया झाल्या. त्या तीन आठवड्यांत नोला बहिणीच्या पित्ताशयासाठी सलाइनाला गेली आहे असं मला वाटत होतं, आणि जेवण गरम करून खावं लागतं म्हणून मी फोनवर कुरकुर करत होतो.

"डावा डोळा गेला म्हणून बंदूक उजव्या खांद्यावर घ्यावी लागते तिला," नोला म्हणाली. "नव्यानं सगळं शिकली. दोन वर्षं लागली."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू सांगू नको म्हणाला होतास."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पुढे एवढंच म्हणाली की आजही सांगणार नव्हते, रोनं नको म्हटलं होतं. पण शनिवारी तिला अचानक समोर बघून मी पुन्हा काहीतरी बोलेन आणि आणखी तीन वर्षं जातील, अशी तिला भीती वाटली.

ताट तसंच राहिलं. माझ्या मुलीचा डोळा गेला आणि मी दोन वर्षं हसतोय, जेवतोय, तबकड्या रंगवतोय. ज्या मुलीसाठी मी नकळत भिंती डावीकडे वळवत होतो, ती डावखुरी राहिलेलीच नव्हती. माझ्या भिंती तिच्याच वाटेत उभ्या होत्या. आणि तिला मी पुन्हा लिहिलं की झेपत नसेल तर घरी बसावं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सगळ्या स्टेज उभ्या झाल्या. उद्या वारा फार असणार असं हवामानवाले सांगतायत. म्हणून चौथ्या स्टेजची अडीचशे यार्डांवरची तबकडी बदलली. दहा इंची काढून अठरा इंची लावली. इतक्या वाऱ्यात दहा इंच म्हणजे जुगार, सगळ्यांसाठीच अन्याय. ओरिन ट्रकमध्ये बसून बघत होता. मी म्हणालो, वाऱ्यामुळे. तो म्हणाला, हं.

१३ सप्टेंबर, शनिवार

रो सात वाजता आली. केस कापलेत. काळ्या चष्म्याच्या डाव्या काचेमागे काही हलत नाही. मी काय बोलणार हे पाठ केलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. तिनं मान हलवली, मी हलवली. बस्स. ती तिच्या गटाबरोबर चौथ्या स्टेजकडे गेली. त्यांची सुरुवात तिथूनच होती, आणि दुर्बिणीवर मी बसणार होतो. लांबच्या तबकडीवर गोळी लागली की नाही हे दुर्बिणीवाला सांगतो. तो 'लागली' म्हणाला की नेमबाज मोकळा, नाहीतर वेळ संपेपर्यंत झाडत राहायचं. कानांवर आवाज रोखणारे ठोकळे, वरून वारा, लोखंडाचा आवाज कुणाला येत नाही.

सगळ्यांना स्टेज पाहायला पाच मिनिटं असतात. रोनं स्वतःची दुर्बीण काढून तबकडी पाहिली. पुन्हा पाहिली. मग गट सोडून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ही तबकडी कुणासाठी आहे?"

"सगळ्यांसाठी. वारा आहे म्हणून."

"पुस्तकात दहा इंच लिहिलंय, बाबा."

तीन वर्षांनी ऐकलेला 'बाबा' असा आला. मी म्हणालो, रो, अगं, वारा खरंच फार आहे. ती आवाज न चढवता म्हणाली, "मी दहा इंचावर सराव केलाय. या सगळ्यांनी दहा इंचावर केलाय. परत लावा."

तिच्या मागे चौदा माणसं उभी होती आणि सगळी जमिनीकडे बघत होती. तेव्हा मला कळलं की वाऱ्याचं मी स्वतःलाच सांगितलं होतं. पुन्हा तेच केलं होतं मी, एका रात्रीत, आणि पुन्हा मला दिसलं नव्हतं. मी मोठ्यानं म्हणालो की तबकडी चुकीची लागली आहे, बदलायला वीस मिनिटं लागतील, उशिराबद्दल माफ करा. ओरिननं ट्रक काढला. दहा इंची मी माझ्या हातानं लावली.

परत आल्यावर ओरिन रोला म्हणाला, हवं तर दुर्बिणीवर मी बसतो, टायमर दुसऱ्याला देऊ. ती म्हणाली, "नको. बाबाच बघू देत."

तिनं भिंत उजव्या कडेनं घेतली. आठही तबकड्या पाडल्या, हलक्या काडतुसांनी. शॉटगन डावीकडच्या पिंपात. ओरिननं वाकून पाहिलं आणि पुढे निघाला, सेफ्टी लावलेली होती. पिस्तुलाची लक्ष्यं झरझर घेतली. मग ती आडवी झाली, रायफल उजव्या खांद्याला, उरलेला डोळा रायफलवरच्या दुर्बिणीच्या काचेला.

पहिली गोळी. माती डावीकडे उडाली. "नाही," मी म्हणालो. दुसरी, नाही. तिसरी वर गेली. ती थांबली, वारा पाहिला, दुर्बिणीची नेमाची चकती दोन खटके फिरवली. चौथी, नाही. पाचवी, नाही. सहाव्या वेळी तबकडीच्या कडेपाशी धूळ इतकी जवळ उडाली की माझ्या जिभेवर 'लागली' आलं होतं. तबकडीवरचा पांढरा रंग मी नीट पाहिला. कोरा होता. "नाही." सातवीला माती उडाली आणि टायमर वाजला. वेळ संपली, दंड लागला.

ती उठली, रायफल रिकामी करून दाखवली, कपडे झटकले. मग दुर्बिणीपाशी आली.

"सहावी कुठे गेली?"

"उजवीकडे. दोन बोटं."

"मला वाटलं लागली."

"नाही लागली."

"दोनच बोटं?"

"दोनच."

तिनं ओरिनच्या हातातल्या गुणांच्या पाटीवर सही केली. पुढचा नेमबाज जागेवर येऊन उभा राहिला होता, मला डोळा पुन्हा दुर्बिणीला लावायचा होता आणि काचेत सगळं अंधूक दिसत होतं. तिनं खिशातून रुमाल काढून माझ्यापुढे धरला. म्हणाली, उद्या दुपारी आम्ही दोघं जेवायला येतोय, आईला सांगितलंय. मी म्हणालो, डोळ्याचं मला माहीत नव्हतं गं. ती म्हणाली, माहीत आहे मला.

शेवटच्या यादीत ती चौऱ्याऐंशीवी आहे. सहाव्या गोळीला मी 'लागली' म्हटलं असतं तर पहिल्या चाळिसांत आली असती, आणि त्या मैदानावर कुणालाच काही कळलं नसतं. रोला कळलं असतं.